विल्फ्रेडचा भाग

दुबईच्या करामातली ती चार मजली इमारत पाडायचं ठरलं आणि भाडेकरूंना नोटिसा आल्या, तेव्हा विल्माला पहिली काळजी पडली फ्रिजची. मग डबलबेडची. मग कपाटावर चढवून ठेवलेल्या पाच सुटकेसांची, ज्यांच्यात काय आहे ते तिलाही आठवत नव्हतं. कॉम्प्युटर तिच्या डोक्यातच नव्हता. तो विषय काढला क्रिस्टिनाने.

"ममा, डेस्कटॉप इज नॉट कमिंग विथ अस," हातातली टेप गुंडाळत ती म्हणाली. "आय मेझर्ड. देअर्स नो स्पेस."

खोटं नव्हतं ते. नवी जागा अल नहदाला होती. स्टुडिओ म्हणायचं म्हणून म्हणायचं, होती एक खोली. दोन पलंग टाकले की मध्ये चालायला वीतभर वाट. तिथे ते टेबल, तो मॉनिटर, खालचा काळा डबा आणि मागचं वायरींचं गुंतवळ ठेवायचं कुठे, डोक्यावर? शिवाय मशीन दमलं होतं. चालू केलं की आतला पंखा घरघरायला लागायचा, अर्धा चहा पिऊन झाला तरी पडद्यावर काही उमटायचं नाही, आणि आता तर यापुढे अपडेट मिळणार नाहीत म्हणून रोज सूचना यायची. क्रिस्टिनाला कॉलेजसाठी लॅपटॉप लागणारच होता. एकोणीसशे दिरहम, म्हणजे आपले पंचेचाळीस हजार, विल्माने मोठ्याने म्हणून पाहिलं आणि सवयीने सुस्कारा टाकला. एकच घ्यायचा, दोघींनी वापरायचा. ऑफिसात कोणालाही विचारलं असतं तरी त्याने तिला वेड्यात काढलं असतं, की बाई गं, यात ठरवायचं काय आहे?

आणि विल्मा काही वस्तूंत जीव अडकवणारी बाई नव्हे. देऱ्यातल्या एका कार्गो ऑफिसात अठरा वर्षं ती कागद तपासत होती. कंटेनरच्या नंबरातला एक आकडा इकडचा तिकडे झाला तर अख्खा माल बंदरात अडकून पडतो, हे रोज बघितलेली. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की ती सरळ उठून चहा टाकायला जायची. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून लोक उगाच तिच्या डोक्यावर शंका घेतील.

फक्त एवढंच, की तो डबा विल्फ्रेडने जोडला होता. तिच्या नवऱ्याने. बर दुबईच्या कॉम्प्युटरवाल्या गल्लीत महिनाभर खेपा घालून एकेक पार्ट आणला, जमिनीवर पेपर पसरून बसला, आणि विल्मा पोळ्या लाटता लाटता ओरडत राहिली की बाबा रे, तयार मिळतो तो घे ना! तो हॉटेलात मेंटेनन्सला होता, त्याला तयार काही आवडायचंच नाही. हॉटेलच्या हॉलमधून काढून टाकलेला एक लांब मानेचा माइकही त्याने आणून त्याला लावला. वसईला त्याच्या आईला कमी ऐकू येतं म्हणून.

कारण त्या कॉम्प्युटरचं खरं काम होतं रविवारचं. दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला, तेव्हा वसईत सात वाजलेले असतात, दोन्ही घरं एकदम रोझरीला, म्हणजे माळेच्या प्रार्थनेला, बसायची. इकडे करामात विल्फ्रेड, विल्मा आणि क्रिस्टिना. तिकडे वसईत विल्फ्रेडची आई आणि त्याची धाकटी बहीण छाया, जिने लग्न केलं नाही आणि आईला सांभाळलं. मध्ये व्हिडिओ कॉल. रोझरीचे पाच भाग असतात. प्रत्येक भागात एकाने पुढे म्हणायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. पुढे म्हणणारा 'नमो मारिये' म्हणत अर्धी प्रार्थना म्हणतो, बाकीचे 'हे पवित्र मारिये' म्हणून उरलेली अर्धी पुरी करतात. असं दहा वेळा. यांच्या घरात कोणता भाग कोणाचा ते कायमचं ठरलेलं. पहिला आईंचा, दुसरा छायाचा, तिसरा विल्माचा, चौथा विल्फ्रेडचा आणि पाचवा क्रिस्टिनाचा. आपला भाग सुरू करताना तो कोणासाठी म्हणतोय तेही सांगायचं. अमक्याच्या ऑपरेशनसाठी, तमकीच्या नोकरीसाठी.

विल्फ्रेड गेला त्याला तीन वर्षं झाली. मंगळवारी दुपारी, हॉटेलच्या तळघरातल्या पंपांच्या खोलीत, हार्टने. सत्तेचाळीसचा होता. त्याला वसईला नेलं, चर्चमागच्या दफनभूमीत ठेवलं, आणि महिन्याभराने विल्मा पोरीला घेऊन दुबईला परतली. पोरीची शाळा होती, नोकरी होती, नाहीतर कोण परततंय.

परतल्यावरच्या पहिल्या रविवारी तीन भाग झाले आणि चौथ्याची वेळ आली. तो आता विल्माने घ्यायला हवा होता. माळेचा मणी चिमटीत धरून ती नुसती बसून राहिली. वाटलं, मनातल्या मनात म्हणू, कोणी काही बोलणार नाही. तेवढ्यात स्पीकरमधून आईंचा आणि छायाचा आवाज आला, "हे पवित्र मारिये..." पुरती प्रार्थना म्हणून दोघी थांबल्या. थोड्या वेळाने पुन्हा. पुन्हा थांबल्या. अशी दहा उत्तरं आली आणि मग क्रिस्टिनाने पाचवा भाग सुरू केला.

विल्माला भरून आलं होतं. बिचाऱ्या, तिला वाटलं, पहिलं अर्धं मनात म्हणतायत आणि उत्तर तेवढं मोठ्याने देतायत. विल्फ्रेडची जागा रिकामी ठेवायची ही त्यांची रीत असेल. तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर आई रडल्या असत्या. तेव्हापासून दर रविवारी तसंच चाललं. चौथ्या भागाला क्रिस्टिना डोळे मिटून बसायची, विल्मा एकेक मणी सरकवायची, आणि वसईहून उत्तरं यायची.

तर नवा लॅपटॉप घेण्याआधी एकदा करून बघू, म्हणून विल्माने एका शनिवार-रविवारी ऑफिसचा लॅपटॉप घरी आणला. जेवायच्या टेबलावर ठेवला. साडेपाचला कॉल लागला आणि काय ते चित्र, काय तो आवाज!

"वहिनी, आज तर तुझे पांढरे केससुद्धा मोजता येतात," छाया म्हणाली.

"मोज आणि मलापण सांग," विल्मा म्हणाली. आई हसल्या. हे इतकं सोपं होतं तर आपण उगाच इतके दिवस तो डबा पोसला, असं विल्माच्या मनात येऊन गेलं.

पहिला भाग झाला, दुसरा झाला. तिसरा तिने म्हटला. मग नेहमीप्रमाणे तिने मणी धरला आणि मान खाली घातली.

वसईहून काहीच आलं नाही.

खालच्या मल्याळी हॉटेलातल्या भांड्यांचा आवाज येत होता. विल्माने मान वर केली. पडद्यावर आई आणि छाया माळ धरून तिच्याकडेच बघत होत्या, वाट बघितल्यासारख्या. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं.

"लाव ना गं," आई म्हणाल्या.

"काय लावू आई?"

छायाने घसा साफ केला. "वहिनी, दादाचं ते रेकॉर्डिंग. या नव्या मशीनवर घेतलं नाहीस का?"

"कुठलं रेकॉर्डिंग?"

विल्माच्या हातातला मणी तसाच राहिला. क्रिस्टिनाने डोळे उघडून विल्माकडे पाहिलं. छाया हसली, पण ते हसू तिच्याने धड पुरं झालं नाही. "जुन्यावर राहिलं असेल. असू दे."

"मग आज विल्फ्रेड नाही?" आईंनी छायाला विचारलं. लहान मुलाच्या हातातून काही काढून घ्यावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"जुन्यावर आहे, आई," विल्मा म्हणाली. का म्हणाली ते तिलाही कळलं नाही. "पुढच्या रविवारी लावते." चौथा भाग मग छायानेच घाईघाईने उरकला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत विल्मा ऑफिसमधून खाली उतरली. खाडीच्या धक्क्यावर लाकडी जहाजांत फ्रिज आणि टायर चढवत होते, उन्हाने जीव नकोसा झाला होता, पण ऑफिसात हे बोलणं शक्य नव्हतं. तिने एका ट्रकच्या सावलीत उभं राहून छायाला फोन लावला.

"छाया, खरं सांग. चौथ्या भागाला तुम्हाला काय ऐकू येतं?"

"काय म्हणजे? दादा. तू लावतेस ते."

"मी काहीही लावत नाही. मी गप्प बसते. मला वाटलं, तुम्ही मनात म्हणता."

पलीकडे कुकरची शिटी झाली. "वहिनी, असली मस्करी करू नकोस गं."

"मी कधी केलीय मस्करी?"

ती कधीच करत नाही, हे छायाला ठाऊक होतं. मग ती हळूहळू बोलायला लागली. आवाज दादाचाच. तसाच सावकाश, मध्ये एकदा खाकरणार, शेवटचे शब्द ओढणार. पहिल्या रविवारी आला तेव्हा तिच्या काळजाचं पाणी झालं, पण वाटलं, वहिनीने कुठलीतरी जुनी टेप जपून ठेवलीय, तेवढाच तिला आधार. विचारलं तर वहिनी रडेल. म्हणून तीन वर्षं विचारलं नाही.

म्हणजे दोन्ही घरांनी एकमेकांचं मन जपलं आणि तीन वर्षं कोणी अवाक्षर काढलं नाही.

"पण मला कधी कधी वाटायचं हं," छाया म्हणाली. "दर वेळी तो वेगळ्या माणसासाठी म्हणतो. मेमध्ये म्हणाला, एल्रॉयच्या गुडघ्यासाठी."

एल्रॉय त्यांचा चुलतभाऊ. त्याला स्कूटरवरून पडून तीन महिनेही झाले नव्हते.

"मग तेव्हा तरी विचारायचंस!"

"मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, गप्प बस आणि उत्तर दे."

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. विल्मा बाजूला झाली. तिला खरं म्हणजे भीती वाटायला हवी होती. अंगावर काटा आलाही होता, एवढ्या उन्हात. पण तोंडून निघालं ते भलतंच.

"माझ्यासाठी म्हणतो का कधी?"

पलीकडे गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"सांग की."

"नाही वहिनी. तुझं नाव नाही घेतलं कधी."

"क्रिस्टिनाचं?"

"तिचंही नाही."

त्या संध्याकाळी मेट्रोत विल्मा खांबाला धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. शेजारच्या फिलिपिनो बाईने तिला टिश्यू दिला. बावीस वर्षांचा संसार केला. त्याच्या हॉटेलच्या युनिफॉर्मला इस्त्री केली, त्याची बडबड ऐकली, त्याला पेटीत घालून घरी नेलं. आणि एल्रॉयच्या गुडघ्याला जागा आहे, मला नाही! तीन वर्षं मी त्याच्यापासून चार फुटांवर बसते आणि मला एक शब्द ऐकू येत नाही, आणि तिकडे दोन हजार किलोमीटरवर आईला तो खाकरतो तेही ऐकू येतं. तिला इतका राग आला की भीतीला जागाच उरली नाही.

तरी विल्मा ती विल्माच. शनिवारी तिने रोशनला बोलावलं. रोशन चिपळूणचा, बर दुबईत कॉम्प्युटरच्या दुकानात होता, विल्फ्रेडच्या ओळखीचा. त्याला तिने एवढंच सांगितलं की कोणाची जुनी रेकॉर्डिंग वगैरे असतील तर शोधून दे, आणि माइक एकदा तपास. तो तासभर खाली बसून होता.

"वहिनी, यात विल्फ्रेडभाईचा एकही आवाज नाही. फोटो आहेत, क्रिस्टिनाचे प्रोजेक्ट आहेत. आवाजाची एक फाइल नाही." मग त्याने तो लांब मानेचा माइक उपटून प्लग बघितला, तार वाकवून बघितली. "आणि हा तर कधीचा मेलाय. आत तार तुटलीय. तुमचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकवरून जातोय."

त्याने पडद्यावर एक छोटी खिडकी उघडून दाखवली. तिच्यात दोन रेघा होत्या, वरची कॅमेऱ्याच्या माइकची, खालची या लांब माइकची. रोशन "हॅलो हॅलो" म्हणाला की वरच्या रेघेत हिरवं चढायचं. लांब माइक पुन्हा लावून त्याने त्यात तोंड घालून टिचक्या मारल्या. खालची रेघ राखाडीच.

"खलास करा आता हे," हात झटकत तो म्हणाला. "लॅपटॉप घ्या, मी बघतो जरा कमी करून."

रविवारी विल्मा डेस्कटॉपवर बसली आणि ती खिडकी तिने कोपऱ्यात उघडी ठेवली. आई आज आधीच हुरळलेल्या होत्या. "जुन्यावर आहेस ना गं?" त्यांनी दोनदा विचारलं. छाया तिच्या नजरेला नजर देत नव्हती.

तिसऱ्या भागाला विल्माच्या आवाजाबरोबर वरची रेघ नाचत होती. तो संपला. ती गप्प झाली. वरची रेघ खाली बसली.

मग खालची रेघ हलली.

हिरवं हळूहळू चढलं, थोडा वेळ वरखाली झालं आणि ओसरलं. ओसरल्याबरोबर आई आणि छाया म्हणाल्या, "हे पवित्र मारिये..." त्या थांबल्या आणि रेघ पुन्हा चढली. विल्मा मनातल्या मनात पहिलं अर्धं म्हणत होती. तिचं कधीच म्हणून व्हायचं आणि रेघ अजून चालूच असायची. एवढं सावकाश म्हणणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता. सहाव्या वेळी रेघ एकदम उसळून खाली पडली. खाकरला, तिने ओळखलं.

ती पुढे वाकली आणि तिने माइकच्या जाळीला कान लावला. जाळी गार होती. आत काही म्हणजे काही नव्हतं.

"ममा, व्हॉट आर यू डूइंग?" क्रिस्टिना कुजबुजली.

"धूळ बसलीय," विल्मा म्हणाली.

त्या रात्री जेवताना तिने सांगून टाकलं. डेस्कटॉप नव्या जागेत येणार. एक पलंग विकायचा, ती स्वतः खाली गादी टाकून झोपेल. लॅपटॉप क्रिस्टिनाला मिळेल, त्याची काळजी नको.

"यू विल स्लीप ऑन द फ्लोअर फॉर अ कम्प्युटर?" पोरीने चमचा आपटला. "ममा, प्लीज. डॅडी इज नॉट इन दॅट बॉक्स!" आणि मग तीच रडायला लागली. विल्माने तिला जवळ घेतलं. सांगावं असं अगदी जिभेवर आलं होतं. पण सांगायचं तरी काय? की तुझा बाप दर रविवारी येतो आणि आपल्या दोघींचं नाव सोडून सगळ्यांची नावं घेतो?

"आजीसाठी गं," ती म्हणाली. "आजीची सवय आहे. म्हातारीला आता नवीन काय शिकवायचं."

तेही खरंच होतं. आईंना चौऱ्याऐंशीवं लागलं होतं. त्या रविवारासाठी जगत होत्या, छाया म्हणाली तसं, सोमवारपासूनच त्यांचं सुरू व्हायचं की आज वार कोणता. तो आवाज बंद केला तर त्या किती दिवस टिकतील? पण तिचं स्वतःचंही काही होतं, आणि ते तिने कोणाला सांगितलं नाही. ऑफिसातून आली की ती पर्स ठेवून सरळ त्या टेबलाशी जाऊन बसायची. मशीन चालू करायची, लांब माइक जवळ ओढायची आणि म्हणायची, विल्फ्रेड, मला ऐकू येत नाही तर नको येऊ दे. पण एकदा माझं नाव घे. एकदाच. छाया मला सांगेल. क्रिस्टिना जिमला किंवा मैत्रिणीकडे असायची, घरात ऐकायला कोणी नसायचं. आठ-दहा दिवस तिने हे केलं. तीन वर्षांत ती त्याच्याशी एवढं बोलली नव्हती.

करामातला शेवटचा रविवार आला. भिंतीला खोकी लागली होती, पडदे काढले होते, आणि उघड्या खिडक्यांतून संध्याकाळचं ऊन थेट टेबलावर येत होतं. घरात बांधायचं राहिलेलं एकच सामान होतं, कॉम्प्युटर.

"आई, हा मी ठेवतेय हं," कॉल लागताच विल्मा म्हणाली. "नव्या घरात पहिला हाच लावणार."

"देव तुझं भलं करो," आई म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे टिपले.

पहिला भाग झाला. दुसरा झाला. तिसरा विल्माने म्हटला, एल्रॉयच्या गुडघ्यासाठीच म्हटला, मुद्दाम. मग ती गप्प झाली.

खालची रेघ चढली.

आज ती ओसरेना. 'नमो मारिये'ला लागतो त्याच्यापेक्षा किती तरी जास्त वेळ ती वरखाली होत राहिली. तो काहीतरी बोलत होता. लांबलचक.

पडद्यावर छायाने तोंडावर हात घेतला. आई पुढे सरकल्या आणि एक कान त्यांनी अगदी पडद्याला लावला.

मग रेघ थांबली, पुन्हा चढली, आणि उत्तरं सुरू झाली. आईंचाच आवाज येत होता. छाया म्हणत नव्हती. दहा झाली.

क्रिस्टिनाने पाचवा भाग म्हटला, क्रुसाची खूण केली आणि उरलेली खोकी चिकटवायला ती आतल्या खोलीत गेली.

"काय म्हणाला?" विल्माने विचारलं.

छायाने मान हलवली.

"छाया, काय म्हणाला तो?"

"तुझं नाव घेतलं त्याने," आई म्हणाल्या.

विल्माला हसू की रडू कळेना, दोन्ही एकदम आलं. घेतलं! शेवटी घेतलं मेल्याने! तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. "काय म्हणाला आई? सगळं सांगा. जसंच्या तसं सांगा."

"आई, नको," छाया म्हणाली.

"तिला कळू दे." आई पुन्हा सरळ बसल्या. मग त्यांनी विल्फ्रेडच्या संथपणाने, शब्दाला शब्द लावत सांगितलं. "म्हणाला, हा भाग माझी बायको विल्मा आणि माझी मुलगी क्रिस्टिना, दोघींच्या आत्म्यांना शांती मिळावी म्हणून. तीन वर्षं मला त्यांची नावं घेता आली नाहीत."

विल्माने टेबलाची कड सोडली.

"काहीतरीच काय, आई."

"म्हणाला, ही जागा आता सोडावी लागतेय. एका खोलीत जातोय. हा जुना कॉम्प्युटर काढतो, लॅपटॉप घेतो. तुम्हाला त्या दोघींचा आवाज ऐकू येतो, म्हणून इतके दिवस ठेवला होता." आईंचा आवाज फुटला. "म्हणाला, मला तर एकदाही ऐकू आला नाही."

आतल्या खोलीत टेप फाडल्याचा आवाज होत होता.

विल्मा त्या लांब माइकवर वाकली. "विल्फ्रेड," ती म्हणाली. मग ओरडलीच, "विल्फ्रेड! अरे, मी आहे इथे. आम्ही दोघी आहोत. काढू नकोस तो. ऐकतोयस का? काढू नकोस!"

क्रिस्टिना दारात येऊन उभी राहिली होती.

"सांगते, मी सांगते त्याला," आई घाईघाईने म्हणाल्या. "विल्फ्रेड, बाळा, ऐक जरा, ती म्हणते..."

छायाने त्यांचा दंड धरला. "आई, त्याची खुर्ची सरकली. तो उठला."

पडदा काळा झाला आणि पंख्याची घरघर थांबली.

विल्माने बटण दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. मग ती गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरली. प्लग भिंतीत घट्ट बसलेला होता आणि त्याच्या वरचा लाल दिवा जळत होता.